समितीमान्य राक्षस

गोष्ट लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, हे मला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? माझ्या ओळखीतली निम्मी माणसं माझ्याकडेच परवानगी मागायला येतात. मी बांधकाम परवाना विभागात आहे. कोणाला गच्चीवर पत्रे टाकायचे असोत की मोरीची भिंत वीतभर सरकवायची असो, शेजाऱ्यांचं, पाणी खात्याचं आणि अग्निशमन दलाचं 'ना हरकत' आणल्याशिवाय मी फाईल टेबलावरून हलू देत नाही. इतकी वर्षं हेच केल्यावर ते अंगात मुरतं. घरात पंखा लावायचा असला तरी मी आधी सगळ्यांना विचारतो, आणि तोवर सगळे घामाघूम झालेले असतात.

अशा माणसाने मुलांसाठी अद्भुतकथा लिहायला घेतली. तीही तीन थोर, दिवंगत साहित्यिकांवर.

झालं असं की आमची कन्या तिसरीत. हुशार, बडबडी, पण अंधार म्हटला की तिची पाचावर धारण बसते. एकदा मैत्रिणीकडे राहायला गेली आणि तिथे दिवे मालवल्याबरोबर असं भोकाड पसरलं की मला पायजम्यावरच स्कूटर काढून तिला आणायला जावं लागलं. सकाळपर्यंत ही बातमी वर्गभर. तेव्हापासून शाळेत तिचं नाव पडलं 'दिवाबत्ती'. ती घरी येऊन काही बोलायची नाही, नुसती दप्तर आपटायची. आणि माझा जीव तुटायचा, कारण बापाच्या हातात यावर करण्यासारखं काहीच नव्हतं.

एका शनिवारी तिला घेऊन मी वाचनालयात गेलो होतो. तिथल्या मोठ्या दालनात आमच्या गावच्या तीन साहित्यिकांची तैलचित्रं आहेत. एक कोशकार, ज्यांनी जन्मभर शब्द गोळा केले. एक कवयित्री. आणि एक नाटककार. तिघंही चौकटीतून असे बघतात, जणू आपण पुस्तक परत करायला उशीर केलाय. कन्या मान वर करून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे कधी लहान होते का रे?"

आता काय सांगू, माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. परतताना स्कूटरवरच मी सुरुवात केली. होते तर! कोशकार दहा वर्षांचे होते, कवयित्री नऊ आणि नाटककार सगळ्यांत लहान. तिघं जिवलग दोस्त. आणि गावाबाहेरच्या कोरड्या विहिरीत राहत होता 'गिळ्या' नावाचा राक्षस, जो माणसं खात नसे, शब्द खात असे. त्याने 'पाणी' हा शब्द खाल्ला आणि गाव तहानेलं राहिलं, कारण मागायचं काय हेच कोणाला आठवेना. त्याने 'थांब' खाल्ला आणि टांगे एकमेकांवर आदळले. शेवटी तिघं विहिरीत उतरली. कवयित्रीने विहिरीवरच्या पहारेकऱ्याला सपशेल थाप मारली की माझी शेळी आत पडलीय. नाटककाराने पोलिसाची टोपी पळवली, कारण तो ज्याची टोपी घाली, हुबेहूब तोच होई, फक्त परत स्वतः होताना त्याला रडू येई. आणि कोशकार? कोशकार अंधाराला घाबरायचा.

मागच्या सीटवरून माझ्या शर्टावरची मूठ घट्ट झाली. "खरंच?"

"खरंच. विहिरीत मिट्ट काळोख. तो काहीही बोलला की गिळ्या तो शब्द मटकावणार. मग काय केलं त्याने? घाबरून जी किंकाळी फोडली, जी किंकाळी फोडली, की बस! किंकाळीत शब्दच नसतो. गिळ्याला चावायला काही सापडेना. ती त्याच्या घशात अडकली, त्याला ठसका लागला आणि गिळलेले सगळे शब्द खळाखळा बाहेर पडले."

सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला वळून वळून ऐकत होता. हिरवा दिवा लागला तरी तो हलेना. माझ्या साहित्याला मिळालेली ती पहिली दाद. कन्या घरी पोचल्यावर आईला म्हणाली, "आई, फोटोतले ते दाढीवाले आहेत ना, ते पण माझ्यासारखेच होते." आणि त्या दिवशी दप्तर जागेवर ठेवलं गेलं.

मग मला जी झिंग चढली ती विचारू नका. ऑफिसातून आलो की लिहायला बसायचो. बायको प्रयोगशाळेत रक्त तपासते, त्यामुळे उगाच कौतुक करायचा तिचा स्वभाव नाही. पण तीही एकदा पोळी तव्यावर टाकून माझ्या खांद्यावरून वाचत उभी राहिली, आणि पोळी करपली. करपलेली पोळी मी मोठ्या अभिमानाने खाल्ली.

शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी न मागता सल्ला दिला की गोष्टीत तात्पर्य नाही. राक्षसाला शेवटी पश्चात्ताप व्हावा आणि त्याने शाळेत नाव घालावं. मी विचारलं, कितवीत घालू? सरांना विनोद केलेला चालत नाही. ते म्हणाले, वयानुसार. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं पडलं की विहिरीत ओल असते, तेव्हा तिघांच्या अंगात स्वेटर दाखवा. तो मी घातला, कारण काकूंचं ना हरकत आम्हाला पाण्याच्या टाकीसाठी लागणार होतं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी हस्तलिखित एका बैठकीत वाचून काढलं. त्या म्हणाल्या, वाचनालयातर्फे याचं पुस्तक करू आणि मोठ्या दालनात, त्या तैलचित्रांसमोरच वाचन ठेवू. मुलं बोलवा. झालं, कन्येने दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग बोलावला. नुसता बोलावला नाही, मधल्या सुट्टीत बाकावर उभं राहून सांगितलं की कोशकारसुद्धा अंधाराला घाबरायचे, माझ्या बाबांच्या पुस्तकात आहे, वाचनाला येऊन बघा. वर्गातली ती जी मैत्रीण होती, जिच्या घरून बातमी फुटली, तिने म्हणे तोंड वाकडं केलं, पण येते म्हणाली.

आणि इथे मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. सगळं मार्गी लागलेलं असताना मला आठवलं की या तिन्ही साहित्यिकांच्या नावाने एकेक स्मारक समिती आहे. वर्षातून एकदा हार घालायचा आणि एरवी गाढ झोपायचं, एवढंच त्यांचं काम. मी तिन्ही समित्यांना सविस्तर अर्ज केला. विषय: आपल्या दिवंगत साहित्यिकांचा बालपणी राक्षसाशी सामना झाल्याचे दाखविण्यास ना हरकत मिळणेबाबत. सोबत प्रकरणनिहाय सारांश जोडला. आवक-जावक क्रमांकसुद्धा घातला, घरच्या कागदावर.

ग्रंथपाल बाईंना हे कळलं तेव्हा त्या शिडीवर होत्या. तिथूनच म्हणाल्या, "विचारलंत कशाला? शंभर वर्षांपूर्वी गेलेली माणसं ती. काल्पनिक गोष्ट आहे. आजवर कोणी विचारलेलं नाही." मी म्हटलं, म्हणूनच विचारलं पाहिजे. त्यावर त्या शिडीच्या वरच्या पायरीवरच बसल्या.

समित्या खडबडून जाग्या झाल्या. कवयित्री स्मारक समितीने कळवलं की कवयित्री आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. तेव्हा शेळीची थाप वगळावी. मी दुरुस्ती केली: कवयित्रींनी पहारेकऱ्याला खरा हेतू सांगितला व पहारेकऱ्याने विनंती मान्य केली. नाटककार समितीचं म्हणणं, टोपी पळवणं म्हणजे चोरी. मग टोपी रीतसर मागून घेतली आणि काम झाल्यावर परत केली. रडणंही गेलं, कारण नाटककार फक्त रंगमंचावर रडत. तिघांनाही अहोजाहो करायचं ठरलं. 'दहा वर्षांचे कोशकार झाडावरून पडले' हे वाचून मला एक ऐंशी किलोचा गृहस्थ धप्पकन पडलेला दिसायचा, म्हणून मी ते पडणंच काढून टाकलं. मुखपृष्ठावर कोण पुढे, यावरून तीन समित्यांचं असं आग्यामोहोळ उठलं की शेवटी तिघांनाही पाठमोरं काढायचं ठरलं. स्वेटरला मात्र कोणाचीच हरकत नव्हती.

राहिली कोशकार समिती. तिचे अध्यक्ष म्हणजे कोशकारांचे सख्खे पणतू. वय ऐंशीच्या घरात, ताठ कणा, पण सगळं गाव त्यांना पणतूच म्हणतं. त्यांनी मला घरी बोलावलं, खुर्ची दिली आणि माझा सारांश समोर धरला. अंधाराचं वाक्य त्यांनी लाल शाईने असं खोडलं होतं की कागद फाटला होता.

"ही माहिती तुम्हाला कोणी दिली?" त्यांनी विचारलं.

मी नम्रपणे म्हटलं, कोणी नाही, मीच रचली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं. मग ते म्हणाले की आमच्या पणजोबांना कशाचंही भय नव्हतं, आणि हे वाक्य राहिलं तर वाचनालयाच्या दालनाला आम्ही दिलेलं तैलचित्र आम्ही उतरवून नेऊ. माझी बोबडीच वळली. चित्र गेलं तर मागे भिंतीवर चौकोनी डाग राहणार आणि त्याला कारण मी. मी जागच्या जागी मान्य केलं.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की घोडं कुठे अडलंय. कोशकार घाबरणार नाही, म्हणजे किंकाळी नाही. किंकाळी नाही, म्हणजे ठसका नाही. ठसका नाही तर गिळ्याचं करायचं काय? मी टेबलाशी डोकं धरून बसलो. सर म्हणाले, पश्चात्ताप. पण एवढे शब्द खाणारा राक्षस पश्चात्ताप व्यक्त करणार कशाने? शेवटी माझ्यातला कारकून मदतीला धावला. मी लिहिलं: कोशकार अंधारात निर्भयपणे उभे राहिले. काही काळाने राक्षसाची अन्यत्र बदली झाली.

तिन्ही समित्यांचं ना हरकत आलं. मी गोल गोल शिक्के पुन्हा पुन्हा बघितले. बायकोने नवी प्रत वाचली आणि विचारलं, "तू घाबरतोस कोणाला, गेलेल्यांना की राहिलेल्यांना?" मी म्हटलं, चित्र उतरवणार होते. ती म्हणाली, पोरीला तूच सांग.

कन्येला मी कॉटवर बसून सगळं वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे ते घाबरायचे नाहीत?"

मी म्हटलं, तसं नाही, समितीच्या मते नाही.

"म्हणजे मी एकटीच," ती म्हणाली. ती उठली, तिने स्वतः जाऊन दिव्याचं बटण बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिचं अंग थरथरत होतं, ते मला दारातून दिसत होतं. मी बटण चालू केलं, तिने उठून परत बंद केलं. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. तरी मी प्रत बदलली नाही. तीन शिक्के होते ना तिच्यावर.

वाचनाचा शनिवार उजाडला. दालन गच्च भरलं. पुढे सतरंजीवर अख्खा वर्ग, मागे पालक, उजवीकडे तीन समित्या तीन रांगांत, एकमेकींकडे पाठ वळवता येईल तितकी वळवून. सर पहिल्या खुर्चीत. तैलचित्रं जागेवर. ग्रंथपाल बाईंनी माझी ओळख 'परवाना विभागातले लेखक' अशी करून दिली. मी घसा साफ केला आणि वाचायला लागलो.

कवयित्रींनी विनंती केली, ती मान्य झाली. नाटककारांनी टोपी मागितली, ती मिळाली. मुलं चुळबुळायला लागली. एकाने दुसऱ्याच्या बुटाची नाडी खुर्चीला बांधली. समित्या मात्र समाधानाने डोलत होत्या. कोशकार निर्भयपणे उभे राहिले. राक्षसाची बदली झाली. समाप्त.

कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतला एक चष्मेवाला म्हणाला, "कुठे झाली बदली?"

मी म्हटलं, अन्यत्र.

"म्हणजे कुठे? इथे?" शेजारची मुलगी सरसावून बसली. "तो आता कोणाचे शब्द खातोय?" आणखी एकाला वाटलं की तो शाळेत आलाय, कारण त्याला काल पाढा आठवत नव्हता. हा हा म्हणता सतरंजीवर घबराट पसरली. एका बारक्या भावाने आईकडे धाव घेतली. राक्षस मोकाट होता, आणि तो मीच सोडला होता.

मग ती मैत्रीण उठली. ती कन्येकडे वळून म्हणाली, "ए दिवाबत्ती, तू तर म्हणाली होतीस ते अंधाराला घाबरायचे. किंकाळी मारली म्हणून. कुठंय ते?"

सगळा वर्ग कन्येकडे बघायला लागला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या शिक्क्यांच्या प्रतीकडे पाहिलं. आणि खाली बघत म्हणाली, "मी खोटं सांगितलं होतं. बाबांच्या पुस्तकात तसं नव्हतंच."

माझ्यासाठी. आठ वर्षांच्या पोरीने सगळ्या वर्गासमोर स्वतःवर घेतलं, का, तर बापाची फजिती होऊ नये. मला उजवीकडची माणसं दिसेनाशी झाली. मी ती प्रत सरांच्या मांडीवर टाकली.

"ती खोटं बोललेली नाही," मी म्हटलं. "खोटं मी वाचलं. खरी गोष्ट आता ऐका."

आणि मी सुरू झालो. कागद नाही, अहोजाहो नाही. पोरगी शेळीची थाप मारतेय, पोरगा टोपी पळवतोय आणि रडतोय, उजवीकडे कवयित्री समिती उभी राहतेय, कोण काय म्हणतंय, मला काही ऐकू येत नव्हतं. मुलं गुडघ्यांवर उठली होती. आम्ही विहिरीत उतरलो. ग्रंथपाल बाईंनी कोणाला न विचारता दालनाचे पडदे ओढले. मिट्ट काळोख झाला. "आणि कोशकार," मी म्हटलं, "भ्यायला. इतका भ्यायला, इतका भ्यायला, की त्याने..."

आणि मी किंकाळी फोडली. आता, सरकारी माणसाला किंकाळीचा सराव नसतो. जो आवाज निघाला तो दार करकरल्यासारखा होता. तेवढ्यात सतरंजीवरून दुसरी किंकाळी आली. ती कसलेली होती, अस्सल होती. माझ्या घरातली होती. तिच्यापाठोपाठ चष्मेवाला, मैत्रीण, मग अख्खा वर्ग. खिडक्यांची तावदानं थरथरली. सर खुर्चीसकट मागे सरकले. "ठसका लागला," मी ओरडलो, "निघाले, निघाले सगळे शब्द बाहेर," आणि मुलं हाताला लागेल तो शब्द ओरडत सुटली, पाणी, थांब, रिक्षा, पेन्सिल, आजी, भागाकार.

पडदे उघडले तेव्हा पणतू उभे होते. ताठ. मी मनात म्हटलं, गेलं चित्र. ते चित्राकडे गेलेच नाहीत. काठी टेकत टेकत ते सतरंजीपाशी आले आणि कन्येसमोर उभे राहिले.

"ते घाबरायचे," पणतू म्हणाले. "अगदी म्हातारे होईपर्यंत उशाशी दिवा लागायचा. आमच्या घरात हे बाहेर सांगायचं नाही, असं आहे. आम्हाला वाटलं, तुझ्या बाबांना कळलं कुठून."

कन्येने विचारलं, "आणि तुम्ही?"

समिती पुढे झुकली. पणतूंनी समितीकडे पाठ केली.

"मीही," ते म्हणाले. "अजून."

कन्या उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मला लिहिता येत नाही, आणि त्यासाठी मी कोणाकडे अर्जही करणार नाही. तिने त्यांचा काठी नसलेला हात धरला आणि मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तसं सांगितलं, "आजोबा, मग शब्द वापरायचा नाही हां. आई गं नाही, वाचवा नाही. तो लगेच खातो. नुसतं आ करायचं आणि सोडून द्यायचं. बघा, जमेल. आम्ही सगळे आहोत."

पणतूंनी एकवार मागे, आपल्या समितीकडे पाहिलं. मग टाय सैल केला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.